चौथी कडी

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच हट्ट केला, आणि तो करायला सत्तरी उलटेपर्यंत वाट पाहिली. त्यांना आपली गाडी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची होती. वाचताना ‘आपली’ या शब्दावर जरा जोर द्या. त्यांनी स्वतः तो कधी दिला नाही, आणि ही सगळी हकिगत त्याचीच आहे.

बाबा ड्रायव्हर होते. कॅम्पातल्या एका डॉक्टरबाईंकडे त्यांनी उभी हयात गाडी चालवली. गाडी विलायतेतून बोटीनं आलेली, बाटलीसारखी हिरवी, पुढे दोन मोठे दिवे, आणि चारही टायरना बाहेरच्या बाजूनं पांढरी कड. ती कड म्हणजे त्या गाडीचा थाट होता. काळ्या बुटावर पांढरे मोजे घातलेला एखादा रुबाबदार म्हातारा डोळ्यांसमोर आणा. दर हिवाळ्यात मेळावा भरायचा, तेव्हा बाई मागच्या सीटवर बसायच्या आणि बाबा गाडी मैदानावर न्यायचे. मग बाई इतर मालकांमध्ये उभ्या राहायच्या आणि बाबा इतर ड्रायव्हरांमध्ये. मालकांकडे कॉफी, ड्रायव्हरांकडे चहा. बाबांच्या मते खरा मेळावा चहाच्या बाजूला असायचा. कुणाच्या गाडीचं कार्ब्युरेटर रुसलंय, कुणाच्या साहेबाचं मेव्हण्याशी पटत नाही, हे सगळं तिथं कळायचं.

बाई एकट्या होत्या. जाताना गाडी त्या बाबांना देऊन गेल्या. परदेशातल्या भाच्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या लेखी ते भंगार होतं. गाडी विश्रांतवाडीला आमच्या इमारतीच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये आली. बाबा रोज सकाळी तिला पुसत. शेजारी विचारायचे, “कुणाची हो?” बाबा म्हणायचे, “डॉक्टरबाईंची.” शेजाऱ्यांना वाटायचं, बाई परगावी गेल्यात.

एकदा जेवताना त्यांनी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

“यंदा मेळाव्याला जाऊ म्हणतो.”

“बघायला?” मी विचारलं.

“न्यायला. गाडी.”

आईनं वाढता हात थांबवला. “कुणाच्या नावानं?”

“आता कुणाच्या म्हणजे?” बाबा ताटाकडे बघत म्हणाले. “माझ्याच.”

बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याची खात्री डॉक्टर देत नव्हते, आणि लायसन्सची मुदत त्या वर्षी संपत होती. पुन्हा मिळेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. म्हणजे हा एकच हिवाळा हातात होता. मी चौकशी केली. संयोजकांपैकी एक गृहस्थ शेडमध्ये येऊन गाडी बघून गेले. इंजिनावर खूश झाले, रंगावर खूश झाले, मग खाली वाकले आणि त्यांचा चेहरा पडला. बाईंच्या शेवटच्या आजारपणात जुने टायर झिजले होते आणि बाबांनी साधे काळे घातले होते.

“या गाडीला पांढऱ्या कडेचे टायर होते,” ते म्हणाले. “मूळ रूप नसेल तर घेता येत नाही. तेवढं करून आणा.”

तेवढं! माणूस एका शब्दात किती ओझं देऊन जातो.

ती वर्षं आठवा. पुण्यात रोज काहीतरी नवं अवतरत होतं. हिंजवडीला उसाच्या फडातून काचेच्या इमारती उगवत होत्या. मी तिथल्याच एका कंपनीत ट्रान्स्पोर्ट बघायचो. म्हणजे कोणती बस वाकडच्या चौकात कधी सुटेल याची भविष्यवाणी करायचो आणि ती रोज खोटी ठरताना पाहायचो. संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायचो, त्यामुळे दिवसभर ऐकलेल्या शिव्या तालमीत उपयोगी पडायच्या. कॅन्टीनमध्ये परदेशी चीज मिळत होतं, दुकानात परदेशी सफरचंदं मिळत होती. देशाचे दरवाजे सताड उघडलेले. मला वाटलं, चार टायर काय, आत्ता येतील.

मुंबईच्या एका आयात करणाऱ्याला फोन केला. त्यानं एका टायरची किंमत सांगितली. मी म्हणालो, “चारांची मिळून का?” तो इतका मनापासून हसला की मीही सोबत म्हणून हसलो. ऑफिसातली एक प्रोग्रामर मुलगी माझ्या बसची नियमित प्रवासी होती. तिनं इंटरनेटवर अमेरिकेतलं दुकान शोधून दिलं. तिथं टायर स्वस्त होते, पण ते इथवर आणायचा खर्च टायरच्या दुप्पट. माझा चेहरा बघून ती म्हणाली, “सर, नाहीतर फोटो द्या ना. फोटोशॉपमध्ये पांढरे करून देते. कुणाला कळणारपण नाही.”

मग नाना पेठ. मोटारींचा स्क्रू न् स्क्रू जिथं मिळतो त्या गल्ल्यांमध्ये मी शनिवारी दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, “काय पाहिजे?”

“टायर. पांढऱ्या कडेचे.”

“गाडी कुठली?” मी सांगितलं. त्यानं पान उलटलं. “गाडी म्हशींच्या गोठ्यात उभी करा. रोज धारेच्या वेळी. होतील पांढरे.”

“अहो, मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीपण गंभीर आहे. दुसरा उपाय तुमच्या बजेटात नाही, हे चेहऱ्यावर दिसतंय.”

आता यापुढे मी जे केलं ते नटानंच करावं. आमच्या मेकअपच्या पेटीत सफेदा होता, म्हाताऱ्यांचे केस पांढरे करायचा. बाबा विहारात गेलेले असताना मी तो तेलात कालवला आणि मांडी घालून टायर रंगवायला बसलो. मोठ्या सफाईनं चार कडा काढल्या. बाबा आले, बघितलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं. त्यांच्या तोंडावर हसू आलंय असं मला वाटलं. दोन दिवसांत काळ्या रबरातलं तेल वर आलं आणि चारही कडा चहाच्या सायीसारख्या पिवळ्या-तपकिरी झाल्या.

बाबांनी शेडच्या दारातूनच निदान केलं. “कावीळ झालीये तिला.”

मग ते आपणहून म्हणाले, “कड्या शोधू.”

पूर्वी अशी सोय होती. पांढऱ्या रबराची चपटी कडी मिळायची. टायरची हवा सोडायची, टायर दाबून रिमपासून जरा सुटा करायचा, कडीची आतली कड त्या फटीत सरकवायची आणि पुन्हा हवा भरायची. हवेच्या दाबानं कडी घट्ट बसायची. गरिबाचा पांढरा टायर. बाबा म्हणाले, बाईंनीसुद्धा एकदा अडचणीच्या काळात त्या वापरल्या होत्या आणि मालकांपैकी कुणाला कळलं नव्हतं. ड्रायव्हरांना अर्थातच कळलं होतं.

कड्या आता बनत नव्हत्या. रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. गंजलेले पाने, हात तुटलेल्या बाहुल्या, एकेकटे बूट, टेलिफोनचे डबडे, यांच्यामधून बाबा हात मागं बांधून चालत होते. ते काही उचलून पाहत नव्हते, नुसते वास घेतल्यासारखे पुढे जात होते. एका गोणपाटासमोर थांबले. तिथं सायकलच्या ट्यूबांखाली पांढऱ्या कड्या होत्या, आमच्याच मापाच्या. मी तिथंच नाचणार होतो. बाबांनी मोजल्या आणि मान हलवली.

तीनच.

विकणाऱ्यानं खांदे उडवले. “तीन चाकांची रिक्षा घ्या ना, साहेब.”

परत येताना मला एक कल्पना सुचली आणि मी ती बसमध्येच जाहीर केली. “बाबा, नाटकात आम्ही सेटची मागची बाजू रंगवत नाही. प्रेक्षक एकाच बाजूला असतात. दोन कड्या प्रेक्षकांच्या बाजूला लावायच्या, तिसरी जपून ठेवायची. पलीकडे कोण बघतंय?”

बाबा खिडकीबाहेर बघत होते. “पलीकडं आम्ही उभे असतो,” ते म्हणाले.

तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, की त्यांना मालकांच्या बाजूला उभं राहायचं होतं खरं, पण ते स्वतःला अजून मोजत होते पलीकडच्या बाजूला.

चौथी कडी मिळाली ती मुंढव्याला, त्यांच्या जुन्या मित्राकडे. हे काका कोरेगाव पार्कातल्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. मेळाव्यात बाबांच्या शेजारी यांचीच जागा. शेठनं जुनी गाडी विकून जर्मन गाडी घेतली होती; काका आता ती चालवत. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसून पोटऱ्या चोळत होते.

“या उस्ताद! जित्ते हाय का अजून?”

“तुला पोचवल्याशिवाय जात नाही.”

“मग राहा खुशाल. मला काय घाई न्हाय.”

चहा झाला. बाबांनी कडीचा विषय काढला. काकांनी कप खाली ठेवला. मग आत जाऊन आले. हातात फडक्यात गुंडाळलेली एक कडी होती, जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर पडलेली.

“गाडी गेली तवा शेठ म्हनले, तुला काय पायजे ते ठेव. हार्न न्हाय मागितला, काय न्हाय. येवढी कडी ठेवून घेतली.” त्यांनी ती बोटांनी दाबून पाहिली, अजून रबर लवचीक आहे का ते. “नव्या गाडीत काय, बटन दाबायचं. माझी गरज गाडीला न्हाय, शेठला हाय. त्यांना दार उघडायला माणूस लागतो. घे तू. तुझ्या मालकाच्या गाडीला लाव. कोन हाय सध्या मालक? बाईंचा भाचा?”

मी बाबांकडे पाहिलं. आता सांगतील, मला वाटलं. मला तर तो प्रसंग रंगवून सांगायची उबळ आली होती: काका, मालक तुमच्या समोर बसलाय!

“हं,” बाबा म्हणाले.

येताना रिक्षात मी विचारलं, “सांगितलं का नाहीत?”

“काय सांगायचं?”

“गाडी तुमची आहे म्हणून.”

त्यांनी ते फडकं मांडीवर सारखं केलं. “मग त्यानं दिली नसती असं नाही. दिली असती. पण मग पुढच्या वेळी चहा दिला असता तो वेगळ्या कपात.”

हसण्यासारखं वाक्य होतं, पण मला हसू आलं नाही. सगळा प्रकार एवढ्यात मावत होता. त्यांना मालक म्हणून एकदा उभं राहायचं होतं, आणि तसं उभं राहिलं की ज्या माणसांत ते आयुष्यभर उभे राहिले त्यांच्यातून बाहेर पडावं लागणार होतं.

आईनं भांड्यांची पावडर आणि लिंबू घेऊन चौथी कडी घासली. ती बाकी तिघींइतकी पांढरी झाली नाही. आई म्हणाली, “चार बहिणींत एक सावळी असतेच.”

मेळाव्याच्या दिवशी बाबांनी स्वच्छ शर्ट-पँट घातली. टोपी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली, शेवटी घरीच ठेवली. आईनं विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली होती. शेडमध्ये येऊन तिनं साडीकडे पाहिलं, मग चाकांकडे. “आम्ही दोघी जुळतोय,” ती म्हणाली. ती मागे बसली, मी पुढे. बाबांनी गाडी बाहेर काढली. मागच्या टायरची कडी वळणावर जराशी फडफडते की काय म्हणून मी खिडकीतून लोंबकळत कॅम्पपर्यंत गेलो.

मैदानावर आमची जागा मालकांच्या ओळीत होती. शेजारी एक लाल उघडी गाडी, तिचा मालक हॅट घातलेला. समोर, पलीकडच्या कडेला, झाडाखाली चहाची किटली आणि ती सगळी मंडळी. मुंढव्याचे काकाही होते, शेठ हौस म्हणून बघायला आले होते, त्यांना नव्या गाडीतून घेऊन आलेले. त्यांनी हात केला. बाबांनी केला. मग काका खुणेनं म्हणाले, ये की इकडं. बाबांनी खुणेनं सांगितलं, नंतर.

परीक्षक आले. सुटातले सडपातळ गृहस्थ, हातात कागद. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि नम्रपणे विचारलं, “मालक कोण?”

बाबा मागच्या दाराशी ताठ उभे होते, हात मागे. पडदा उघडण्याआधी मी विंगेत उभा राहतो तसा उभा होतो. आणि बाबा म्हणाले, “बाई येतील इतक्यात.”

परीक्षकांनी मान हलवली आणि थांबले. त्यांना काय माहीत? ते घड्याळाकडे न बघता, अगदी सभ्यपणे, वारलेल्या माणसाची वाट बघू लागले. स्टेजवर दुसऱ्याचं वाक्य विसरलं तर ते सावरून घेण्यात माझा हातखंडा आहे. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. बाबांना स्वतःलाही आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. त्यांचे हात मागून पुढे आले आणि तिथं काय करायचं ते त्यांना सुचेना.

गाडीच्या आतून आई हळूच म्हणाली, “अहो, त्या कुठून येतील आता?”

“नाही,” बाबा म्हणाले. आवाज बसला होता. त्यांनी घसा साफ केला. “बाई नाहीत आता. गेल्या त्या. गाडी माझी आहे.”

“बरं,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहून घेतलं. किती सहज! मग ते वाकले, चाकांकडे पाहिलं, डाव्या मागच्या चाकाशी रेंगाळले. “ही कडी वेगळी दिसते.”

“हो. मित्राची आहे.”

परीक्षकांनी काही विचारलं नाही. बक्षीस आम्हाला मिळालं नाही, हे इथंच सांगून टाकतो. ते लाल गाडीला गेलं, आणि जायलाच हवं होतं. हॅटचे वेगळे गुण असावेत.

पण मैदान फार मोठं नव्हतं आणि बाबांचा घसा साफ केल्यानंतरचा आवाज मोठा होता. परीक्षक पुढे गेले तेव्हा मुंढव्याचे काका मैदान ओलांडून येत होते, हातात चहाचा ग्लास तसाच. ते आमच्या गाडीपाशी आले आणि बाबांकडे न बघता मागच्या चाकाशी उकिडवे बसले. कडीवरून अंगठा फिरवला.

“भाचा म्हनला होतास.”

बाबांनी बंपरवरची धूळ बोटानं पुसली.

“माझी कडी परत दे, उस्ताद. म्या डायवरला दिली होती. मालकाला न्हवती दिली.”

तो विनोद होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. काका हसत नव्हते. बाबांनी एकदाच मान हलवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डिकीतून पाना काढून आणला. खरंच सांगतो, त्या मैदानावर, सुटाबुटातल्या माणसांच्या देखत, ते गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हची हवा सोडायला लागले. फुस्स असा आवाज झाला. हॅटवाले गृहस्थ वळून बघायला लागले.

काकांनी त्यांचं मनगट धरलं.

“येडा का तू?”

“तुझी आहे. घेऊन जा.”

“आन गाडी काय तीन पायावर नेनार? सोड ते.” काकांनी चहाचा ग्लास माझ्या हातात दिला, व्हॉल्व्ह स्वतः घट्ट केला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिले. दोघं म्हातारे चाकाच्या दोन बाजूंना. मग काका म्हणाले, “सांगायचं तर होतंस. म्या काय खाल्लं असतं तुला?”

“चहाला बोलावलं नसतंस,” बाबा म्हणाले.

“आरं, आत्ता काय बोलावत होतो मघापासनं? हात दुखला माझा.”

आई काच खाली करून ऐकत होती. ती दार उघडून उतरली. “भावजी, आता फेरी निघेल. तुम्ही बसा मागं. मी पुढं बसते.”

काका उठले, पँट झटकली, पण आत जाईनात. “न्हाय वहिनी. मागं न्हाय बसत म्या. पुढं बसतो डायवरशेजारी.”

“पुढं मी आहे,” आई म्हणाली. आईच्या या स्वरापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नसे.

काका बसले. मी त्यांच्या शेजारी. गाड्यांची रांग हलली, आणि एका बाजूला हवा किंचित कमी असलेली आमची गाडी थोडी लंगडत निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, पोरं टाळ्या वाजवत होती. काका सीटच्या अगदी कडेवर बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. जणू सीट ओली होती. कितीतरी वर्षं त्यांनी अशा सीटवरचे डाग पुसले होते, मागे टेकलेल्या डोक्यांच्या तेलाचे.

“उस्ताद,” त्यांनी पुढे वाकून हळूच विचारलं, “जरा डोकं टेकवू का?”

बाबांनी गिअर बदलला.

“टेकव की,” ते म्हणाले. “माझीच आहे.”